उघडी बाजू

कावळा बसायला आणि फांदी मोडायला, म्हणतात.
आमच्या किनाऱ्यावर झाडच नाही.
डोमकावळा बसतो तो दगडावर,
आणि दगड काही मोडत नाही.

आइसलँडच्या या टोकाला लाकूड येतं ते समुद्रातून.
सैबेरियाच्या कुठल्याशा नदीत निसटलेला ओंडका
बर्फात अडकतो, बर्फाबरोबर सरकतो,
चार-पाच वर्षांनी आमच्या खाडीत
कुशीवर येऊन पडतो,
खारवलेला, राखाडी, पत्ता न विचारता.

माझ्या बापाला, ओड्डुरला, होडी बांधायची होती.
चार वल्ह्यांची.
मेंढ्यांच्या हिशेबाच्या वहीत, मागच्या पानावर, मापं होती.
कण्यासाठी एक सरळ ओंडका हवा, बारा हात.
बाकीचं जमेल तसं.

पलीकडच्या कोल्बेइनने नॉर्वेहून लाकूड मागवलं.
जूनमध्ये जहाज आलं, ऑगस्टमध्ये त्याची होडी पाण्यात.
चांगली होडी होती. खोटं कशाला बोलू?

बापाने आधी होडीघर बांधलं.
तीन बाजूंना दगड आणि गवताच्या ढेपा,
चौथी बाजू उघडी.
आई म्हणाली, वारा आत येतो.
तो म्हणाला, ती किती लांब होईल
हे मला अजून कुठे ठाऊक आहे?

अकरा वर्षं वारा आत येत राहिला.

रोज, दूध काढायच्या आधी, तो किनाऱ्याने चालायचा.
मिळायचं ते असं:
कुंपणाचे खांब. पिंपाचं बूड.
रशियन अक्षरांचं एक दार, कडीसकट.
ते दूधघराला बसलं,
आणि आम्ही भावंडं ती अक्षरं
वाचता येत असल्याचं सोंग करायचो.
एकदा कोयत्यासारखा वाकडा बुंधा आला.
त्याचा पाळणा झाला,
मग पाळण्यात घालायला स्टेइनुन झाली.
हा क्रम आई नेहमी असाच सांगायची.

तो नुसता बसून नव्हता.
तासणीला धार असायची, खिळे तेलात.
तरी मला वाटायचं, याला होडी नकोच आहे,
याला फक्त सकाळ हवी आहे.
हे मी एकदा बोलून दाखवलं, चौदाव्या वर्षी.
तो चिडला नाही. मोजे चढवले आणि बाहेर गेला.
ते मला अजून खुपतं.

मग एका मार्चमध्ये, वादळाच्या तिसऱ्या दिवशी,
लार्चचा ओंडका. तेरा हात.
शेंड्याकडे किंचित मान वळवलेली,
मागून कुणी हाक मारावी तशी.
कोल्बेइन बघून म्हणाला, सरळ नाही.
बाप म्हणाला, नाही.
आणि दोघांनी मिळून तो उघड्या बाजूने आत घेतला.

नावेला त्याने नाव ठेवलं नाही.
नावं गावाने ठेवली.
पहिल्या दिवसापासून ती उजवीकडे ओढायची,
आणि वल्हवणारा पाठमोरा, म्हणून
सगळा भार त्याच्या डाव्या हातावर.
नऊ हंगाम तो हात माझा होता.
मासे मिळाले. कोल्बेइनइतकेच,
कधी कमी.

आता मी आकुरेरीत राहते.
परवा कोटाचं माप घेताना
शिंपीणबाईंनी फीत दोनदा लावली.
म्हणाल्या, डावा दंड तुमचा जाड आहे,
असं का?
मी म्हटलं, बाही जरा सैल ठेवा.