ऐकायची काठी

रात्री दोननंतर पोर्तो गप्प होतं.
शेवटचा दारुडा शेवटचा जिना उतरून जातो,
सीगल कौलांवर पंखात मान खुपसतात,
आणि एर्मेलिंडा कामाला लागते.

काम म्हणजे ऐकायचं.
जमिनीखाली नळ कुठं फुटलाय, ते.
हातात छातीएवढी लाकडी काठी,
एक टोक लोखंडी झाकणावर,
दुसरं कानामागच्या हाडाला.
पालिकेनं यंत्रं घेतलीत हेडफोनवाली,
तीही लावते. पण शंका आली की काठीच.

काठी बापाची.
वेनान्सियो, जन्मभर याच चढांवरून
वाकून हिंडलेला माणूस.
त्यानं शिकवलं ते थोडकंच:
पाणी जिथं वर येतं तिथं खणू नकोस.
आवाजामागं धावू नकोस, त्याला येऊ दे.
आणि तोंड जरा उघडं ठेव, पोरी,
मिटल्या तोंडात आपलाच श्वास फार बोलतो.

फेब्रुवारीत तो गेला.
पहाटे त्याचे ओठ विलगले,
ही वाकली, कान त्याच्या तोंडाशी नेला.
काहीच नाही.
ग्रॅनाइटखालची सुईएवढी गळती जिला सापडते
तिला बापाचा शेवटचा शब्द सापडला नाही.

मग ती विचारत सुटली.
पाद्री म्हणाले, येशूचं नाव असेल, दुसरं काय.
बहीण ओदेत फ्रान्सहून फोनवर म्हणाली,
पाणी मागितलं असेल. दिलंस का तू?
(हे वाक्य महिनाभर ठुसठुसत राहिलं.)
पत्ते वाचणारी बाई वीस युरो घेऊन म्हणाली,
कपाटामागं बघ.
कपाट सरकवलं. मागं ओल होती.

शेवटी देवळाशेजारच्या दुकानातून
नवसाचा मेणाचा कान घेतला.
उजवा. डावे संपले होते.
ठेवला संताच्या पायाशी,
मेणाच्या पावलांत, गुडघ्यांत, एका मेणाच्या तान्ह्याशेजारी.
ऑगस्टात तो वितळून वाकडा झाला.
संतानं तोंड उघडलं नाही.

ऑक्टोबरची एक रात्र.
एका म्हातारीची भिंत पाझरते अशी तक्रार होती.
एर्मेलिंडा गल्ली चढत गेली, झाकण झाकण ऐकत,
म्हातारीच्या दारापासून चार घरं वर
तो सापडला, बारीक सूंऽऽ,
जणू कुणी दाताआडून दुधाला फुंकर घालतंय.
खडूनं फुली मारली. पायरीवर बसली.
आणि का कोण जाणे,
काठीचं टोक आपल्याच छातीवर टेकवलं,
दुसरं कानाशी. वाकावं लागलं, हसू आलं थोडं.

आधी नुसता दणदणाट: रक्त, जिने चढलेलं.
मग ओदेत. मग पाद्री.
मग कोटाचं अस्तर खसखसलं.
तिनं कशाच्याच मागं धाव घेतली नाही.
कितीतरी वेळ.
खाली दोउरूवरून धुकं चढत आलं,
गल्लीतला दिवा पिवळ्या कापसात गुंडाळला गेला.

आणि दातांना गार हवा लागली.

तोंड उघडं होतं तिचं.
तिनं ठरवून उघडलं नव्हतं.
ओठ विलगलेले, जबडा सैल, एक बोट जाईल एवढी फट,
अगदी तेवढीच
जेवढी त्या पहाटे.

तो बोलत नव्हता.

ती तशीच बसून राहिली, काठी छातीला लावून.
इतके महिने ती शब्द खणत होती,
जिथं ओल दिसली तिथं.
आणि तो तर कामावर होता.
वाकता येत नव्हतं म्हणून उताणा,
काठीवाचून, तोंड जरा उघडं,
कान कुठल्याशा झाकणाला लावून.

खरं असेल का हे?
विचारायला पाद्री होते, पत्ते होते, फोन होता.
उजाडेस्तोवर खणणारी पोरं आली,
फुलीकडं बघून म्हणाली, इथं? भिंत तर खाली ओली आहे.
इथंच, ती म्हणाली.

काय ऐकत होता मग तो?
हा प्रश्न नवा होता.
तो तिनं कुणाकडंच नेला नाही.
काठी खांद्यावर टाकली
आणि घरी जाताना
तोंड मिटायचं राहूनच गेलं.