नांग्या

धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट उलटा केला
आणि कोऱ्या बाजूवर दोन नळ्या काढल्या,
वेलावरच्या काकडीसारख्या वाकड्या.
मध्ये आडवी रेघ. "इथं बंद केलंय.
रिंग टाकलेली, की कापून बांधलं?"

मला कुठलं माहीत.
नऊ वर्षांपूर्वीचा डिसेंबर, तालुक्याचं शिबिर,
व्हरांड्यात सतरंजीवर आम्ही एकतीस जणी,
मी चौदावी.
पोटावर एक टाका, मुठीत सहाशे रुपये,
परतीच्या जीपमध्ये शेजारची म्हणाली, सुटलो बाई.
मीही म्हटलं, सुटलो.
खोटं नव्हतं ते.

कार्ड पेटीच्या तळाशी निघालं,
पियूषच्या तिसरीच्या प्रगतिपुस्तकाखाली.
हर्षला लोटन बडगुजर. हयात मुले: दोन.
खाली पुसट शाईत, रिंग.
"बरं झालं," बाई म्हणाल्या, "रिंगवालीची नळी जास्त उरते."
दीड वर्षात पहिल्यांदाच मला कुणी
बरं झालं म्हणालं.

"वय तेहतीस. शंभर जणींत साठेक जणींना दिवस जातात."
मी साठ गच्च धरून बसले.
बाईंनी ते हळूच सोडवून घेतलं:
"नळी जोडली जाणं हा एक आकडा, मोठा.
पाटीवर लिहितात तो तोच.
दिवस जाणं हा दुसरा, त्याहून लहान.
बाळ हातात येणं तिसरा, आणखी लहान.
आणि एखादीचा गर्भ नळीतच अडकतो.
पाळी चुकली की लगेच यायचं.
पोटात कळ आली तर घरात लग्न असो की रात्र असो,
निघायचं."
मग लोटनकडे बघून, "पण आधी यांची तपासणी."
त्यानं ती डबी अशी धरली
जशी देवळाबाहेर चुकून दुसऱ्याची चप्पल उचलावी.

लोटन गावोगाव ठिबक बसवतो.
एसटीत अमळनेर येईपर्यंत बोलला नाही. मग म्हणाला,
"उंदरानं कुरतडलेली नळी मी रोज जोडतो.
जॉइनर टाकला की पाणी पुढं जातं.
बहुतेक वेळा जातं."

सासू भाकरी थापता थापता म्हणाली,
"तोडता येस, तं जोडता बी येस."
आकड्यांचं तिला काही सांगितलं नाही.

आकडे मला नवे नाहीत.
मेच्या उन्हात सरकी टोचताना
पाकिटावर दर वर्षी वाचते, उगवण पंच्याहत्तर टक्के.
ते पंच्याहत्तर पाकिटाचं असतं,
भोकाचं नसतं.
भोकात एक तर कोंब असतो, नाहीतर माती.
पाऊण कोंब मी अजून पाहिला नाही.

आठ-दहा दिवसांनी नांग्या भरतो आम्ही.
मागून लावलेलं रोप येतं, बोंडंही धरतं,
पण ओळीत लांबूनच कळतं,
इथं पहिलं उगवलं नव्हतं.
पियूष तर उगवला होता.
माझ्या कमरेच्या वर आला होता.
त्याच्या जागेला नांगी म्हणायला
जीभ उचलत नाही माझी.
जो येईल, आला तर,
त्याला मी कुठल्या ओळीत उभं करू?

मोनल दारात बसून सगळं ऐकत होती. बारा वर्षांची आहे.
म्हणाली, "आई, त्या शंभर बायका कुठं राहतात?
दवाखान्यात तर तू एकटीच होतीस."

काल संध्याकाळी लोटननं शेजारच्या शेतात
जोडलेल्या लाईनीचा कॉक उघडला.
मी सरीसरीनं शेवटापर्यंत चालत गेले
आणि शेवटच्या छिद्राशी उकिडवी बसले.
वेळ लागला. थेंब आला.
लोटन लांबून माझ्या तोंडाकडे बघत होता.
मी ओरडून सांगितलं, पाईप आहे तो, नुसता पाईप.

बाईंनी पाळीच्या सातव्या दिवशी बोलावलंय.
कॅलेंडरवर मी गोल केलाय.
त्या चौकटीत आधीचा दुधाचा हिशोब आहे,
दीड लिटर.
तो खोडलेला नाही.