मागच्या दाराची वीज

पुढच्या वर्षी येणाऱ्या चिपबद्दल
जगाला सगळं ठाऊक आहे म्हणे.
गाभे चोवीस. छे, बावन्न.
वीज निम्मी, वेग दीडपट,
स्मृती तर थरावर थर, डब्यावर डबा रचावा तशी.
कुणी शपथेवर सांगतं, कुणी मेहुण्याच्या हवाल्याने.

फान जिया-रोंगला यातलं एकच माहीत आहे
आणि नेमकं तेवढंच तिला बोलायचं नाही.

शिनचू. रात्रपाळी.
डोळ्यांखेरीज इथे कुणाला चेहरा नाही.
तिच्या वाट्याचं काम एवढंच:
तबकडी पालथी करायची
आणि तिची पाठ घासत न्यायची
इतकी पातळ, की पातळ हा शब्दही जाड वाटावा.
आजवर वीज वरून यायची,
निरोपांच्या गर्दीतून अंग चोरत,
पंधरा मजले उतरेतो दमून जायची.
आता ती मागच्या दाराने येईल,
पुढचं अंगण निरोपांना मोकळं.
कागदावर हे एका ओळीचं सुख आहे.
यंत्रावर मार्चपासून तडे.

यंत्राच्या डोक्यावर हिरवं पाकीट,
नारळाच्या चवीचा कुरकुरीत खाऊ;
नावाचा अर्थच 'शहाण्यासारखं वाग'.
पिवळं चालत नाही, लाल तर नाहीच.
मुदत टळली की यंत्र रुसतं,
म्हणून डॉक्टरेट झालेली माणसं
दर एक तारखेला
खाऊवरची बारीक अक्षरं गंभीरपणे वाचतात.
(हे मला कुणी सांगितलं, विचारू नका.)

रविवारी ती शिनपूला आईकडे.
नवव्या महिन्याचा उतरता वारा सुटलाय.
गच्चीभर बांबूच्या चाळण्या,
चाळण्यांत सोललेले पर्सिमॉन,
आपल्या टेंभुर्णीचे दूरदेशीचे भाऊबंद.
च्यू-मेई, वय बहात्तर, अंगठ्याने एकेक चाचपते.

"नवीन काय येतंय गं तुमच्याकडे?"
"सांगता येत नाही."
"येत नाही, की सांगायचं नाही?"
जिया-रोंग फळ सोलते.
"बरं, मग मला काय हवंय ते मी सांगते.
फोन संध्याकाळपर्यंत पुरावा.
खिशात ठेवला तर मांडी भाजू नये.
आणि हाक्कात बोलले तर
'कृपया पुन्हा बोला' म्हणू नये.
तुझे वडील ठार बहिरे झाले होते,
पण त्यांनी मला कधी दोनदा बोलायला लावलं नाही."

अफवांच्या कुठल्याच यादीत
हे नव्हतं.

"अगं, दाबू नकोस इतक्यात!
आधी पालथं कर. पाठीला वारा लागू दे.
मग दाब, हलक्या हाताने,
मग रात्रभर सोड त्याला.
एका दमात चपटं करायला गेलीस
तर आतली ओल घाबरते, तडकतं."

जिया-रोंगचा हात थांबला.
रात्रभर सोड.
मार्चपासून कुणी काही सोडलं नव्हतं,
तबकडीला नाही, माणसांनाही नाही.

"तुला हे कुणी सांगितलं?"
"काय?"
नऊ पानी करार, प्रत्येक पानावर तिची सही.
"काही नाही," ती म्हणाली,
आणि इतकी हसली की म्हातारी चिडली,
"फळं सोलतेस की फळांची चेष्टा करतेस?"

सोमवारी तिने नोंदवहीत लिहिलं:
घासणं दोन टप्प्यांत. मध्ये विसावा.
'कारण' या रकान्यात काय लिहायचं
ते पहाटेपर्यंत सुचलं नाही.

पंचवीसपैकी सहा तडकल्या.
गेल्या आठवड्यात अकरा.
याला यश म्हणायचं का, ते वरचे ठरवतील;
तोवर जगात गाभे साठावर गेलेत,
मेहुण्याच्याच हवाल्याने.

तिच्या लॉकरमध्ये वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक फळ,
वरती साखरेची पांढरी बुरशी धरलेलं.
बुरशी नव्हे ती, आई म्हणते, गोडी बाहेर येते.
आत न्यायला बंदी आहे.
एका कणानेही सगळं वाया जातं.