ऑलिव्हची बी

मायामीत डिसेंबर. किनाऱ्यावर तंबू,
तंबूत गालिचा, गालिच्याखाली अजून वाळू.

चिनीमातीच्या त्या वाडग्यात कुणीतरी
पार्टीच्या नादात ऑलिव्हची बी टाकली.
किंमत हळूच विचारावी लागते, अशा वाडग्यात.

मिर्लांद पहाऱ्यावर. तिनं हात लावायचा नाही,
पांढऱ्या हातमोज्यांचा माणूस उद्या दहाला येईल.
तोवर तिघांनी फोटो काढले,
एकजण वाकून म्हणाला, "धाडस आहे हं."
त्याच्यासोबतची बाई शॅम्पेन सावरत
बघत राहिली. बराच वेळ.

दोनला संगीत थांबलं.
मिर्लांदनं इकडंतिकडं पाहून बी उचलली, खिशात टाकली,
बुटातली वाळू झाडली
आणि लिटल हेटीची बस धरली.

गुरुवारी कपडे धुताना
मशीनमध्ये काहीतरी खडखडत राहिलं.