तत्रैव

कूलरच्या टाकीतलं पाणी संपलं की
तो नुसतीच गरम हवा फेकत राहतो,
रामदासपेठेतल्या या तळघरात,
मे महिन्यात, रात्री अकरालाही.
मी प्रबंध लावते. पानाला अठरा रुपये,
तळटिपा असतील तर बावीस.
लोक विचारतात, हे वरचे चार कशाचे?

आधी उलटी तिरकी रेघ, मग हुकमाचा शब्द,
मग महिरपी कंस, आणि कंसाच्या पोटात
जे वरच्या पानात मावलं नाही ते.
आकडा शब्दाच्या डोक्यावर बसवायचा,
तर आपल्या अक्षरांच्या डोक्यावर आधीच गर्दी,
रफार, वेलांटी, दोन मात्रा, त्यावर अनुस्वार.
'मजुरीची'नंतर सतरा ठेवला
की तो वेलांटीच्या शेंड्याला टेकतो.
केसाएवढा सरकवायचा. हाताने. दर वेळी.
चार रुपये त्याचे.

हर्षलता पौनीकर, पाचपावलीतले हातमाग,
दोनशे एकोणनव्वद पानं, तीनशे बारा टिपा.
सर म्हणाले, चौथं प्रकरण फार पसरलंय.
तिने अठ्ठावन्नाव्या पानावरचा एक परिच्छेद उडवला.
"आकडे तर आपोआप बदलतात न, ताई?"
बदलतात.
अठ्ठ्याण्णवची सत्त्याण्णव होते,
पुढची सगळी रांग एकेक पाऊल पुढे सरकते,
यंत्र त्यात कधी चुकलेलं नाही.

पण गेलेल्या परिच्छेदाच्या पायाशी होतं:
गयाबाई बारापात्रे, वय अंदाजे ऐंशी, तांडापेठ,
मुलाखत मागाच्या खड्ड्यात पाय सोडून.
आणि तिच्याखाली अकरा वेळा नुसतं,
तत्रैव.

आता तत्रैवच्या वर कोण?
र. वि. केळापुरे, निवृत्त कामगार अधिकारी, धरमपेठ.

म्हणजे आता केळापुरे साहेबांनी
पहाटे उठून सुताला कांजी लावली.
केळापुरे साहेबांच्या बोटांना घट्टे.
केळापुरे साहेब म्हणाले,
"माग चालू हाय तवरिक पोरगं झोपे,
माग थांबला का उठे."
तत्रैव. तत्रैव.
पडद्यावर एकही लाल ओळ नाही.
शब्द शुद्ध आहे, कंस बंद आहे,
त्याच्या लेखी सगळं जागच्या जागी.

साडेबाराला फोन लावला.
ती बराच वेळ काही बोलली नाही,
मागे पंख्याचा कटकट आवाज येत होता.
मग म्हणाली, "पूर्ण नाव मोठं आहे न, ताई.
जागा जाईल?"

जाऊ दे.
अकरा वेळा टाइप केलं. चिकटवता आलं असतं,
का कोण जाणे, टाइपच केलं.
एक पान वाढलं. ते मी बिलात धरलं नाही.

एकशे दोन नंबरची टीप मात्र ऐकेना.
इशारा आला, ओळ ओसंडली, अकरा पॉइंट.
तोडरेघ देऊन पाहिली,
'बारा-' या ओळीत, 'पात्रे' पुढच्या.
ते काही डोळ्यांना पटलं नाही, पुसलं.
आता 'त्रे' समासात उभा आहे,
उंबऱ्याबाहेर एक पाय ठेवावा तसा.

बर्डीवरच्या बाइंडरला निरोप ठेवलाय,
उजवीकडून कापताना जरा जपून.
कूलरमध्ये दोन बादल्या ओतल्या.