अळी

दिंगर अळीत आमची गिरणी होती.
अळी म्हणजे गल्ली. हे आधी सांगावं लागतं,
कारण हल्ली मी अळी म्हटलं
की घरातले जेवायचे थांबतात.

गंगापूर रोडला, कॉलेजच्या मागच्या इमारतीत
दुसऱ्या मजल्यावर माझे बारा ट्रे.
गव्हाचा कोंडा, पाण्यासाठी वर गाजराच्या चकत्या,
आणि कोंड्याखाली त्या:
पिवळसर, कड्याकड्यांच्या,
करंगळीच्या पेराएवढ्या.
कान जवळ नेला तर ऐकू येतं,
लांब बसून कुणी कागदाची पुडी सोडतंय असं.

अण्णांची चाळीस वर्षं या आवाजाविरुद्ध गेली.
तिवंध्याच्या लोढाबाईंनी एकदा
पाच किलो पीठ फळीवर उपडं केलं,
त्यातला एक टोका बोटाने दाखवला,
बोलल्या काहीच नाहीत.
त्या रात्री अण्णांनी पट्टा उतरवला, दगड उघडले,
पहाटेपर्यंत फटी झाडत बसले.

मी त्यांना बर्फावर ठेवते. त्या झोपतात.
झोपतात हा माझा शब्द,
वहीत तो चालत नाही.
मग चिमट्याने आतडं ओढून काढायचं,
ओल्या दोऱ्यासारखं, न तोडता.
पुढचा भाग आम्लाचा, मागचा अल्काचा,
एवढ्याशा नळीत दोन गावं, दोन कायदे.
गव्हाच्या प्रथिनात प्रोलिन जिथे दाटीने बसतं
तिथे आपल्या पोटातल्या कात्र्या घसरतात.
हिचं विकर तिथेच बोट घालतं.
आपल्याला जी निरगाठ
ती हिला सुरगाठ.

माझ्या भावाचा ओजस नऊ वर्षांचा.
त्याच्या डब्यात नाचणी, वरई, तांदूळ.
ओझरच्या एका लग्नात त्याने पुरी चोरून खाल्ली,
अर्धीच,
आणि तीन दिवस भिंतीकडे तोंड करून पडला.
उठल्यावर म्हणाला,
आत्या, काय टम्म फुगली होती गं ती.

पौषातल्या एका रात्री जेलवर
ग्लायडिनची निळी रेघ पुसट झाली.
पुन्हा केलं. पुन्हा पुसट.
झालं ते काचेच्या नळीत, पोटात नाही.
मधे दहा-पंधरा वर्षं असतात,
कधी कधी पुढे काहीच नसतं.
मी ओजसला सांगितलं नाही.

पलीकडच्या टेबलावर निवेदिता पेखळे
अळ्या भाजते, दळते.
तिला विकराशी देणंघेणं नाही, तिला प्रथिन हवं.
तिच्या बिस्किटाला भाजक्या शेंगदाण्याचा वास येतो.
शिपाईकाका तीन खातात,
मग विचारतात कशाचं.
आईने विचारलंही नाही.
एवढंच म्हणाली, घरी शिरताना हात धुऊन ये,
कोपरापर्यंत.

अण्णा आले, चपला दाराबाहेर काढून.
ट्रेवर वाकले. बराच वेळ वाकलेलेच.
"आपल्याकडचे बारीक होते," म्हणाले,
जुन्या भांडणातल्या माणसाचा
थोरला भाऊ भेटल्यासारखे.

दुसऱ्या दिवशी स्वतःची चाळणी घेऊन आले,
पितळी कडीची, काठावर पत्र्याचं ठिगळ.
म्हटलं, इथे उलटं आहे अण्णा.
खाली पडेल ते टाकायचं,
वर उरेल ते ठेवायचं.
त्यांनी मान हलवली, जशी कुणी
दराची पाटी बदलल्यावर हलवायचे.
मनगटाचा तोच हिसका,
कडेवर त्याच तीन टिचक्या,
कोंडा, कात, विष्ठा झरझर खाली.
वर राहिल्या त्या वळवळल्या.
एक त्यांच्या अंगठ्यावर चढली.

त्यांनी हात झटकला नाही.
"जपून," म्हणाले.
तिला म्हणाले असावेत.

मी वहीत लिहिलं:
ट्रे सात. एकशे बारा ग्रॅम. मेलेल्या दोन.