उणे ऐंशी

ताम्पेरेत, तळघरात, उणे ऐंशी अंशांत
एकोणीस वर्षांपूर्वीचं रक्त.
आइला नळ्या मोजते. नावं नाहीत, नुसते आकडे.
यातली एक नळी बापाची;
कुठली, ते विचारायचं नसतं.

घरी तो रात्रीतून चारदा उठतो,
दिवा न लावता, भिंत चाचपत,
नळ सोडून आपला थेंबथेंब लपवतो.
सौनात ओनीला म्हणाला, वय झालं, दुसरं काय.
ओनीने तापल्या दगडांवर पाणी ओतलं.
विषय वाफेत गेला.

काचेवर अक्रोडाएवढ्या ग्रंथीचा काप, जांभळा-गुलाबी.
गोल करून बसलेल्या पेशी,
आणि कोपऱ्यात काही, ज्यांनी गोल मोडलाय.
तीन अधिक चार, आइला लिहिते.

संध्याकाळी बापाला म्हणते, सोमवारी गाडी मी चालवेन.
कुठे, तो विचारत नाही.
आजच बूट पुसायला घेतो.